आत्याची भट्टी, भाचीचं पीप

४ जानेवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

सहावा घाणाही वाया गेला. दाणे काढलेली मक्याची कणसं लोखंडी पिपात भरायची, झाकण घट्ट लावायचं, धूर निघायला फक्त एक बारीक नळी ठेवायची आणि हवा लागू न देता बाहेरून तापवायची, की ती कॉफीसारखी तपकिरी होतात. मग जळताना धूर अगदी नावाला. हे झालं कागदावर. माझी निम्मी कच्ची राहतात, निम्म्यांचा कोळसा होतो. आमच्या कारखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, महिनाअखेरीपर्यंत जमलं नाही तर पीप भंगारात.

तुला बोलले नव्हते, पण हे सरपण तुझ्या पावाच्या भट्टीसाठीच करत होते. मागच्या भेटीत तुझा खोकला ऐकला, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. आता वाटतं, गाशा गुंडाळावा आणि तुझ्या हाताखाली पीठ मळावं.

स्वतःला जप.

तुझी,
छकुली

११ जानेवारी

चि. छकुलीस, अ. उ. आ.

पीठ मळायला येशील, पण कुठे? डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय, एक तर धूर सोडा, नाहीतर माझ्याकडे येऊ नका. महिनाअखेर दुकान बंद करतेय. गिऱ्हाइकांना सांगून झालं. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती.

आता तुझं पीप. तू तापमानाच्या काट्याकडे बघत बसत असशील. तीस वर्षांत माझ्या भट्टीला काटा नाही, माझं नाक आहे. पांढरा, ओलसर धूर म्हणजे नुसतं पाणी; उगाच जाळ वाढवू नकोस. धूर पिवळट होऊन आंबट वास नाकात झोंबला की विस्तव ओढून घे. आणि कणसं आधी वाळव गं बाई. लहानपणीही तुला दम निघायचा नाही, कच्चाच पाव तोडायचीस.

रडून झालं असेल तर जेवून घे.

तुझी आत्या

२५ जानेवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

आठ दिवस कणसं उन्हात खालीवर केली. काल आंबट वास आला, तेव्हा काट्याच्या हिशेबाने अजून वेळ होता. तुझं ऐकलं, विस्तव ओढला. पीप पार गार होईपर्यंत झाकणाला हात लावला नाही. मागे घाई केली तेव्हा हवा लागून सगळं पेटलं होतं. आज उघडलं. आत्या, कणसं बिस्किटासारखी काडकन मोडतात. बाईंनी विचारलं, कुणी शिकवलं? म्हटलं, आमच्या घरच्या इंजिनिअरने, चौथीत शाळा सोडलीय तिने.

दोन पोती पाठवतेय. दुकान बंद करण्याआधी एकदा पेटवून बघ. एवढा हट्ट पुरव.

तुझी,
छकुली

३ फेब्रुवारी

चि. छकुलीस, अ. उ. आ.

पोती पोचली. पहिला घाणा करपला. तुझं सरपण लाकडापेक्षा तापट निघालं, अगदी तुझ्यासारखं. दुसऱ्यांदा निम्मंच घातलं. पाव छान फुगले. भट्टीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसले, आणि पाव बाहेर निघेपर्यंत एकदाही डोळे पुसावे लागले नाहीत. डॉक्टर म्हणतात, छातीचं झालेलं नुकसान भरून येणार नाही. जिना चढताना दम लागतोच. म्हणून यापुढे फक्त सकाळची पाळी.

आणखी एक तुझ्यापासून लपवलं होतं. भट्टी पाडायला गवंडी सांगून ठेवला होता. काल तो पहार घेऊन दारात. त्याला म्हटलं, पाडू नकोस, कमानीला तडा गेलाय तेवढा बांधून दे. किती वर्षं टिकायला हवी, असं त्याने विचारलं. म्हटलं, भाचीला विचारून सांगते.

तो शनिवारी यायचाय. तोवर कळव.

तुझी आत्या