माझा नंबर बेचाळीसच

२६ ऑगस्ट, शनिवार
शिकारमंडळाची बैठक. अकरा वर्षं यादीत थांबलो, आज नाव लागलं! यंदाचा पोरेझनच्या कड्यावरचा रानबोकड फेलिक्स केंडाचा, म्हणजे माझा. वर्षाला एकच मारायला मिळतो. ओटमारनं वहीत नाव लिहिलं. ओटमार मंडळाचा प्रमुख, बोलतो कमी, खोकतो जास्त. म्हणाला, "पंधरा ऑक्टोबरपर्यंत. नाही जमलं तर पुढचा नंबर आल्बिनचा."
सगळे हसले. आल्बिन एकाहत्तरचा. चर्चची घंटा वाजवतो. बुटाचे सोल तारेनं बांधलेत. मीही हसलो. बिचारा.
घरी आल्या आल्या बायकोला, सिल्वाला सांगितलं. ती म्हणाली, "चढणार कसा?" पायांनी, मी म्हणालो. चौतीस वर्षं पोस्टात काढली आहेत. ती म्हणाली, "काउंटरमागे." तिला माझ्या कामाची कधी कल्पनाच आली नाही.
निश्चय: नवे बूट. रोज सकाळी एक तास चालणे. जेवताना वाइनचा एकच ग्लास.

२८ ऑगस्ट, सोमवार
सकाळी दहाला तोल्मिन शहरात. बुटांच्या दुकानात दारिंकाबाई. बूट विकून विकून बाईंना गर्व झालाय. माणसाच्या तोंडाकडे बघतच नाहीत, थेट पायाकडे बघतात.
म्हणाल्या, "केंडासाहेब, संध्याकाळी यायला हवं होतं. दिवसभरात पाय सुजतो, तेव्हा खरं माप कळतं." माझा सुजत नाही, मी सांगितलं. नंबर विचारला. बेचाळीस. त्यांनी पाय एकदा बघितला आणि न विचारता चव्वेचाळीस रुंद आणला. राखाडी, मऊ, घोट्यापाशी गादी. पेन्शनरांचा बूट.
मी स्पष्ट सांगितलं, तेव्हाच्या आपल्या देशाच्या सैन्यात, निशला असताना माझ्या सैनिकी पुस्तिकेत बेचाळीस लिहिलंय, सरकारी शिक्क्यासह. दारिंकाबाई म्हणाल्या, "साहेब, तो देशसुद्धा आता राहिला नाही."
देश गेला म्हणून पाय वाढतो का?
मग तो दिसला. वरच्या फळीवर. गडद तपकिरी चामडं, हिरवी कड, नाडीला पितळी आकडे, नडगीपर्यंत उंच, सोल फळीसारखा टणक. बेचाळीस. दुकानात एक लाकडी उतार आहे, त्यावरून खाली चालून दाखवायला लावलं. बोटं पुढं टेकतात का, विचारलं. टेकत नाहीत, म्हणालो. (टेकत नव्हती. दाबली जात होती. फरक आहे.) बाई म्हणाल्या, "चेहरा तसं सांगत नाही." माझा चेहराच तसा आहे, मी म्हणालो.
घेतले.

२९ ऑगस्ट, मंगळवार
बूट घालून घरात पंचवीस मिनिटं. शेगडीजवळच्या बाकावर बसून. उत्तम आधार. बसल्यावर तर घोटा हलतच नाही.
सकाळचं चालणं उद्यापासून. आज बूट घालण्यातच दम गेला.

३ सप्टेंबर, रविवार
सिल्वा तिची मैत्रीण मिल्का आणि गावातल्या आणखी बारा बायकांबरोबर नेहमीसारखी पोरेझनला गेली. दर रविवारी जाते. विचारलं, "येतोस का?" मी शिकारीसाठी ताकद राखून ठेवतोय, म्हणालो. शिवाय तिच्या बुटांची मला काळजी वाटते. नऊ वर्षांचे, मऊ पडलेले, घोट्याला काही आधार नाही. तिला नीट समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि साडेपाच तासांत वर जाऊन खाली आली. येताना मशरूम आणले.
मी अंगणात तीन फेऱ्या. डाव्या टाचेला किंचित उबदार वाटतं. चामडं ओळख करून घेतंय.

५ सप्टेंबर, मंगळवार
दोन्ही टाचांना फोड. करंगळीलाही. हे चांगलं लक्षण. बूट जिवंत आहे.

७ सप्टेंबर, गुरुवार
नवी अडचण. बूट कुरकुरतात. प्रत्येक पावलाला. डावा कुर्र, उजवा कर्र. रानबोकडाला दोन डोंगर पलीकडे ऐकू जाईल. बदकाच्या चरबीनं नीट चोळले आणि उन्हात ठेवले. मांजरानं उजव्याचं नाक चाटून साफ केलं आणि एक नाडी खाल्ली.
रस्त्यात आल्बिन भेटला. माझ्या बुटांकडे फार वेळ बघत राहिला. म्हणाला, "काय सुंदर आहेत रे, फेलिक्स." डोळ्यांत पाणी होतं. असूया माणसाला म्हातारपणीही सोडत नाही.

१० सप्टेंबर, रविवार
आज चढाईचा सराव करणार होतो. धुकं.

१३ सप्टेंबर, बुधवार
ऊन. पण वारा उत्तरेचा. शिकारी माणसानं उत्तरेच्या वाऱ्यात टाचा उघड्या... म्हणजे बूट घालू नयेत.

१६ सप्टेंबर, शनिवार
मंडळातल्या एकानं युक्ती सांगितली. पिशवीत पाणी भरायचं, पिशवी बुटात, बूट फ्रीझरमध्ये. पाण्याचा बर्फ होताना फुगतो, बूट हवा तेवढा सैलावतो. शास्त्र आहे. मला सैल करायचे नाहीतच. फक्त थोडी समजूत घालायची.

१७ सप्टेंबर, रविवार
एक पिशवी फुटली. सिल्वानं हिवाळ्यासाठी ठेवलेल्या रानातल्या ब्लूबेरींच्या डब्यात पाणी गेलं, रस बुटात गेला, सगळं मिळून एक जांभळा दगड झाला. सिल्वा डोंगरावरून आली, फ्रीझर उघडला, बराच वेळ उघडाच ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "फेलिक्स, ते चव्वेचाळीस अजून दुकानात असतील."
मी म्हणालो, प्रश्न नंबराचा नाहीच.
"मग कशाचा आहे?"
मला उत्तर देता आलं असतं, पण बूट कोळशाजवळ वितळायला ठेवायचे होते, तिकडे लक्ष देणं भाग होतं.

२४ सप्टेंबर, रविवार
प्रगती! घर ते चर्च ते घर, न थांबता. चर्चपाशी थांबलो ते आल्बिनशी बोलायला. वीस मिनिटं बोललो. त्याच्या घंटेविषयी. तो म्हणाला, "बस ना खाली, पाय दुखत असतील." मी म्हणालो, छे, आणि बसलो.
संध्याकाळी जेवताना सिल्वा म्हणाली की सात ऑक्टोबरला त्या बायका वरच्या लॉजमध्ये राहणार आहेत, शनिवारीच जाणार. "दोन खाटा सांगून ठेवल्यात मी." दोन कशाला, मी विचारलं, मिल्काला वेगळी खाट नाही का? ती भांडी घासायला उठली. आज नळ जोरात सोडला होता.

१ ऑक्टोबर, रविवार
ओटमार येऊन गेला. म्हणाला, "पुढच्या रविवारी जाऊ. हवा चांगली आहे. तयारी आहे ना?" मी उभा राहून 'आहे' म्हणालो. तो बुटांकडे बघून खोकला.
टाचेला पट्ट्या, त्यावर पातळ मोजा. दारिंकाबाईंनी जाड लोकरीचे दिले होते, पण जाड मोज्यासकट पाय आत जात नाही. लोकरीनं घाम येतो, हेही आहेच.

८ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
पहाटे ओटमारबरोबर निघालो. बीच झाडांच्या रानातून वाट चढते. पहिला अर्धा तास उत्तम. दुसऱ्या अर्ध्या तासात मी ओटमारला निसर्गाकडे लक्ष द्यायला सांगत होतो. झाड, शेवाळ, दरी, दिसेल ते. दर वेळी थांबून. तिसऱ्या अर्ध्या तासात तो म्हणाला, "फेलिक्स, आता शेवाळ संपलंय."
साडेआठला कड्याखालच्या मोठ्या खडकापाशी पोचलो. ओटमार म्हणाला, इथं बस, हलू नकोस, मी वरच्या बाजूनं बघून येतो. पायात दोन निखारे होते. शिकारीला शांत मन लागतं. म्हणून बूट काढले. फक्त दोन मिनिटांसाठी.
देवा! ते सुख. वारा बोटांमधून गेला. मी डोळे मिटले असतील.
उघडले तर समोर तो. ऐंशी पावलांवर. काळसर पाठ, आकड्यासारखी शिंगं, एका पायावर भार देऊन उभा. सरळ माझ्या पायांकडे बघत होता. बंदूक खडकाच्या पलीकडे टेकवलेली, मधे टोकदार खडी. एक पाऊल टाकलं. आईगं, असं म्हणालो. मनात म्हणालो असं मला वाटत होतं.
तो गेला. घाईनं नाही. चालत.
ओटमार खाली आला. मी म्हणालो, वारा फिरला. ओटमारनं बोट ओलं करून हवेत धरलं, मग माझ्या मोज्यांकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच खोकला नाही.
बूट परत घालायला गेलो. आत जाईनात. पाय सुजले होते. (सकाळी साडेआठलाच. दारिंकाबाईंचा संध्याकाळचा सिद्धांत चुकीचा ठरला.) ओटमारनं ढकलले, मी ओढले. टाच अर्ध्यावर अडकली. अशा अवस्थेत वरून बायकांचे आवाज आले. चौदा जणी, लॉजवरून उतरत. सगळ्यांत पुढं सिल्वा.
ती खाली बसली, माझा मोजा काढला, टाच बघितली. तिचा चेहरा बदलला. "किती दिवस असं आहे?" ओळख चालू आहे, मी म्हणालो. ती उठली, मिल्काच्या हातात पिशवी दिली आणि पुन्हा वर चढायला लागली. पाऊण तासाची चढण. तिच्या त्या मऊ बुटांत, हरणासारखी गेली.
तेवढा वेळ तेरा बायका माझ्याभोवती बसून डबे उघडत होत्या. मला सफरचंदाचं स्ट्रूडल दिलं. मिल्का म्हणाली, "ती काल रात्री दुसऱ्या खाटेवर तुझं स्वेटर ठेवून झोपली, माहीतेय?" बाकीच्यांनी तिला गप्प केलं.
सिल्वा लॉजमधल्या सपाता घेऊन आली. पाहुण्यांसाठी असतात तशा, जाड नमद्याच्या, लाल चौकटीच्या. पाय सरळ आत गेला. आमच्याकडे बायकोच्या मुठीतल्या नवऱ्याला सपाताच म्हणतात, त्यामुळे पुढच्या दोन तासांत कोण काय म्हणालं ते लिहीत नाही. बंदूक ओटमारकडे, बूट मिल्काकडे, मी सिल्वाच्या खांद्यावर. गावात शिरलो तेव्हा बारा वाजत होते. आल्बिननं मला बघितलं आणि घंटा मधेच थांबवली. गावाला आज नऊच वाजले.
उतरताना सिल्वा एकच वाक्य बोलली. "मला बोकड नको होता रे. रविवारी कोणीतरी बरोबर चालायला हवं होतं."
मी म्हणालो, टाच बरी होऊ दे. ती म्हणाली, "पस्तीस वर्षं टाच बरी होती."

१० ऑक्टोबर, मंगळवार
डॉक्टरांनी फोड कापला. महिनाभर डोंगर बंद. त्यांनी माप विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मंडळाला कळवलं की माझा हक्क मी स्वखुशीनं आल्बिनला देत आहे. ओटमार म्हणाला, "मोठं मन आहे तुझं." मलाही तसंच वाटलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
आल्बिन आला. टोपी हातात. म्हणाला, फेलिक्स, माझ्या बुटाची तार तुटली, आणि मला कड्यावर जायचंय, तर... वाक्य पुरं करता येईना त्याला. मी बूट आणून दिले. चाचणीसाठी, हे स्पष्ट केलं. त्यानं पाय घातला. खाली बघितलं. दोन उड्या मारल्या. एकाहत्तरचा माणूस.
"लोण्यासारखे आहेत," म्हणाला. "अगदी माझाच नंबर."
अर्थात. मी दीड महिना वापरून मऊ केलेत.
दारातून गेला तेव्हा कान देऊन ऐकलं. कुरकुरसुद्धा नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार
सिल्वा आज बायकांबरोबर गेली नाही. म्हणाली, "डोंगरवाटेवरच्या पहिल्या बाकापर्यंत चल." मी म्हणालो, डॉक्टरांनी डोंगर बंद सांगितलाय. "बाक डोंगर नाही. तिथं आजीबाई पोराला बाबागाडीतून आणतात."
पायात तिनं पिशवीतून आणलेले बूट. राखाडी. मऊ. पितळी आकडे नाहीत, हिरवी कड नाही. नंबर आतल्या जिभेवर छापलाय. मी वाचलेला नाही.
तेवीस मिनिटं लागली. ती चार वेळा थांबली. मी एकदाही शेवाळ दाखवलं नाही. बाकावर बसलो, तिनं सफरचंद कापून अर्धं मला दिलं. खाली घरांच्या धुराड्यांतून धूर. मग माझ्या लक्षात आलं की एवढा वेळ मला पाय आहेत हेच आठवलं नव्हतं. पुढच्या रविवारी दुसरा बाक, मी म्हणालो. "बघू," म्हणाली, पण सरकून जवळ बसली.
अकरा वीस. वरून, कड्याकडून, एकच बार. आवाज दरीभर फिरून परत आला.
खाणीतला सुरुंग, मी म्हणालो.
सिल्वा म्हणाली, "रविवारी?"
मी सफरचंद चावत राहिलो. तिनं वर कड्याकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.
"पोचले म्हणायचे तुझे बूट."