यमुना बँकवर राहिलेली सूचना

वैशाली, गाझियाबाद
१८ नोव्हेंबर २०२४

चि. लुंबिनीस,
सुखदेवमामाचा सप्रेम जय भीम.

फोन कानाला लावून मला उपयोग नाही, म्हणून नेहमीसारखं पत्रच. काल नवा सदरा घालून दुपारी दोनला तोंडी परीक्षेला पोचलो, तर वर्गाला कुलूप. परीक्षा सकाळी दहालाच उरकल्याचं शिपायाने हातवारे करून सांगितलं. वेळ बदलल्याचं म्हणे मॅडमनी आधीच्या रविवारी वर्गात जाहीर केलं होतं. फळा पुसताना त्या काही बोलल्या खऱ्या, पण पाठमोऱ्या होत्या, ओठ दिसले नाहीत.

तू परीक्षा दिलीस हे हजेरीच्या कागदावर दिसलं, म्हणजे तुला वेळ माहीत होती. यमुना बँक स्टेशनात मेट्रो बदलताना तू मला सांगितलं असशील आणि ते माझ्या कानांत शिरलं नसेल. तोंडी बुडाली म्हणजे एम.ए.चं हे वर्ष गेलं. त्रेसष्टाव्या वर्षी नापास! तुझी मामी म्हणते, लग्नात हुंड्याला नाही म्हणालात, आता डिग्रीलाही म्हणा. तुझी कशी झाली ते कळव.

तुझा,
सुखदेवमामा

मयूर विहार
२२ नोव्हेंबर २०२४

ति. मामांस,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. तुमच्या कानांचा दोष नाही. त्या फलाटावर एवढा गलका असतो की कुणालाच काही ऐकू येत नाही. कृपा करून मनाला लावून घेऊ नका. माझी बरी झाली.

सिद्धांतची बारावीची सराव परीक्षा चालू आहे. एकाच टेबलावर दोघं अभ्यासाला बसतो. काल विचारत होता, की मम्मीला किती मार्क पडले तर पापा तिला सायकल घेऊन देणार. मामींना सांगा, त्यांनी पाठवलेली जवसाची चटणी त्याने दोन दिवसांत संपवली. थंडी वाढली आहे, धुकंही. मफलर विसरू नका.

आणखी काय लिहू, सुचत नाही.

तुमची,
लुंबिनी

वैशाली
२५ नोव्हेंबर २०२४

चि. लुंबिनीस,
जय भीम आणि आशीर्वाद.

काल मी वर्गाला आलो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. नाव काढून घेण्याचा अर्ज लिहून ठेवला आहे, येत्या रविवारी देऊन येतो. चिडून नाही, विचार करून. गलका वगैरे तू माझं मन राखायला लिहितेस, मला समजतं. शेजारी उभी राहून सख्खी भाची बोलते तेही कळत नसेल, तर वर्गात बसून मी लोकांचा वेळ का खावा? नागपूरच्या मिलमधल्या मागांच्या खडखडाटाने आमच्या बाबांचे कान घेतले. माझे काही न करताच गेले.

बाबांच्या मिलमधल्या पाळीवर लिहिलेला माझा निबंध मॅडमना आवडला होता. तो तू ठेव. तुला पुढे उपयोगी पडेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
मामा

मयूर विहार
२८ नोव्हेंबर २०२४

ति. मामांस,
सविनय जय भीम.

अर्ज देऊ नका. आधी हे वाचा.

यमुना बँकवर मी तुम्हाला काही सांगितलंच नव्हतं. दर रविवारी तिथे तुम्ही माझ्या वहीवर बोटाने टिचकी मारता, मी वही उघडते आणि मागच्या पानावरच्या सूचना तुम्ही उतरवून घेता. त्या दिवशीही टिचकी मारलीत. वेळ बदलल्याचं वहीत लिहिलेलं होतं. मी मान हलवून काही नाही म्हटलं आणि वही पिशवीत घातली.

त्याच दिवशी मॅडमनी तुमचा निबंध वर्गात वाचून दाखवला होता. नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, की असं आतून लिहायला शिका. पानिपतला तीनदा जाऊन, विणकरांशी बोलून मी सोळा पानं लिहिली होती. तुम्ही एक दिवस घरी बसून चार लिहिलीत. वर्ग तुमच्यासाठी टाळ्या वाजवत होता, त्यात मीही होते.

वाटलं होतं, घरी पोचल्यावर मामींना फोन करीन. मग सिद्धांतची फी, ऑफिस, पाहुणे. विसरले असं डायरीत लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कारण परीक्षेच्या दिवशी दहाला तुमची खुर्ची रिकामी दिसली, तेव्हा तर आठवण होती. परीक्षा बारापर्यंत चालणार होती. मामींना एक फोन केला असता तर तुम्ही तासाभरात पोचला असता. मोबाइल हातात होता. मी त्यावर वेळ पाहिली आणि आत गेले.

आणि त्यानंतरही तुम्हाला मफलरबद्दल लिहिलं.

काल रजा टाकून कॉलेजात गेले, मॅडमना हे सगळं लेखी दिलं. तुमची परीक्षा पुन्हा घ्या आणि माझी रद्द करा, असं लिहिलं आहे. वाचून त्या कळवते म्हणाल्या. रविवारी मी येणार नाही. तुमच्या शेजारी बसण्याचं धैर्य नाही.

तुमचे कान जसे होते तसेच आहेत, मामा. लोभ ठेवा म्हणायचा हक्क मला उरलेला नाही.

लुंबिनी

वैशाली
२ डिसेंबर २०२४

लुंबिनीस,
जय भीम.

तुझं पत्र शनिवारी आलं. दोनदा वाचलं आणि मामीच्या हातात दिलं. ती तुला पुष्कळ बोलली. मी थांबवलं नाही.

राग आहे. किती दिवस राहील ते माहीत नाही. पण पंधरा दिवस मी घरात भांडी आपटून, बेल वाजवून स्वतःचे कान तपासत होतो, ते त्या रात्री बंद केलं. अर्ज फाडला. तू विसरलीस की टाळलंस, हे मला विचारू नकोस. त्या पेपराचा परीक्षक मी नाही.

काल वर्गात एकटाच गेलो. मॅडमना सांगून पहिल्या बाकावर बसलो. आता बोलताना तोंड माझ्याकडे ठेवतात. यापुढे मी तिथेच बसणार आहे, माझ्या वहीसह. तू तुझ्या जागी बस. पण ये.

तू नव्हतीस, म्हणून कालची सूचना उतरवून पाठवतो आहे. दोनदा विचारून खात्री केली आहे:

सुखदेव आणि लुंबिनी, दोघांची तोंडी परीक्षा नव्याने. रविवार, १५ डिसेंबर. सकाळी दहा. दुपारी दोन नव्हे.

मामा