माझ्या डाव्या नडगीविषयी आणि उरलेल्या इस्टेटीविषयी

लिहून ठेवणार : श्रीमती प्रमोदिनी यशवंत पोंक्षे, वय ७४, धंदा नारळ-सुपारीची वाडी, राहणार नांदगाव, तालुका मुरुड, जिल्हा रायगड.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहीत आहे. दडपण आणायचे प्रयत्न पुष्कळ झाले, ते पुढे येतीलच. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आमचे डॉ. हर्षद मयेकर यांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी त्यांना विचारले की दवाखान्याचे छप्पर कधी शाकारणार. वार मला सांगता आला. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, केले असल्याचे कोणी सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये.

कलम १. राहते घर मुलगा सलिल आणि मुलगी भार्गवी यांना निम्मे निम्मे. मध्ये भिंत घालू नये.

कलम २. वाडी दोघांची, पण तीत पोहण्याचा तलाव खणता येणार नाही. सलिल नव्या मुंबईत नोकरीला असतो. दर मे महिन्यात येतो, सुपारीच्या सावलीत उभा राहतो आणि म्हणतो, "आई, काशीदला बघ लोकांनी कसले होमस्टे केलेत." समोर अख्खा समुद्र पसरलेला असताना झाडे पाडून खड्डा करायचा आणि त्यात पाणी ओतायचे, ही अक्कल त्याला कोणी दिली हे मला ठाऊक नाही. माझ्याकडून गेलेली नाही.

विहिरीकडच्या ओळीतील नारळांचे उत्पन्न सदा याला हयातभर मिळावे. सदा कोण, ते कलम ६ मध्ये आहे. त्या झाडांवर त्याने स्वतः चढू नये.

कलम ३. व्हीलचेअर सलिलला. माझा पाय मोडला तेव्हा त्यानेच ती घरपोच मागवली आणि वर सांगितले, "आई, आता या वयात कशाला धडपडतेस, आरामात बस." तिचे प्लास्टिकसुद्धा काढलेले नाही. त्याला नव्यासारखी मिळेल.

कलम ४. आता नडगी. तीन वर्षांपूर्वी श्रावणात देवळाकडच्या पाखाडीच्या पायऱ्यांवर शेवाळावरून घसरले आणि डाव्या नडगीचा चुरा झाला. सळई घातली, तरी हाड जुळेना. मधला तुकडाच मेला होता. तो काढल्यावर बोटभर पोकळी राहिली. भार्गवी मुंबईला ज्या संस्थेत संशोधन करते, तिथे अशा पोकळ्या भरण्याचेच काम चालते. त्यांनी माझ्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली, तिच्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून वाढवल्या, त्या एका सच्छिद्र ठोकळ्यावर पेरल्या आणि तो ठोकळा पोकळीत बसवला. वेलीला मांडव घालतात तसा. पेशींनी छिद्राछिद्रांतून पसरत नवे हाड करायचे आणि मांडवाने हळूहळू विरघळून जायचे. आज मी वाडीच्या टोकापर्यंत काठीशिवाय जाते. इथवर सगळे ठीक होते.

पण ठोकळा माकुली या मासळीच्या हाडाचा होता. भरती ओसरल्यावर किनाऱ्यावर पांढरी, हलकी, होडीसारखी हाडे पडलेली दिसतात, तीच. रसायनात घालून दाबाखाली तापवली की त्यांचे माणसाच्या हाडात असते तसलेच खनिज होते, मासळीचा अंश उरत नाही. भार्गवीने हे मला आधीच सांगितले होते आणि मी बरे म्हटले होते. सलिलने ते यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी, सगळी भावकी जमलेली आणि मोदकांचे सारण चुलीवर असताना, मोठ्या कौतुकाने जाहीर केले.

कलम ५. सोवळ्याची पितळी भांडी भार्गवीला. माझे मोठे दीर अण्णा, वय ८२, शेजारच्या घरात राहतात. दोन्ही घरांचा गणपती एकच, आणि त्याचा नैवेद्य मी लग्न होऊन आल्यापासून करत आले. सलिलचे ऐकून अण्णा उठले आणि म्हणाले, "प्रमोदिनी, तू आता सोवळ्यात येऊ नकोस. अंगात मासळी घेऊन नैवेद्य होत नाही."

भार्गवी म्हणाली, "अण्णाकाका, ते आता विरघळतही आलं असेल."

"विरघळलं? म्हणजे सगळ्या अंगात भिनलं!"

म्हणजे ठोकळा असला तर पाय बाटलेला आणि नसला तर मी अख्खी बाटलेली. अशा माणसाशी वाद कसा घालायचा? यांच्याच पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला माकुलीचे हाड टांगलेले आहे, आणि तो पिंजरा देवघराच्या दारात असतो. त्या दिवशी मी माजघरात बसून राहिले. दुसऱ्यांनी केलेले मोदक उकडताना फुटले तरी मी तोंडातून शब्द काढला नाही. फार लागले मला ते. भार्गवीने त्या भांड्यांत प्रयोगशाळेतले काय वाटेल ते उकळावे, माझी हरकत नाही.

कलम ६. सदा आमच्या वाडीतले नारळ काढायचा. गेल्या वर्षी मी खालून नको नको म्हणून ओरडत असताना ओल्या झाडावर चढला आणि पडला. त्याचेही हाड जुळत नाही. वर्षभरात काही झाले नाही तर गुडघ्याखालचा पाय काढावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. माणूस अजून चाळिशीत आहे. मी त्याला संस्थेत पाठवले आणि माकुलीचेही सांगितले. "काकू, तुमाला चाललं तं मना का न्हाय चालनार? आमी तं माकूल खातो," असे म्हणून तो हसला.

पण तिथली समिती त्याला हात लावू देत नाही. पहिल्या रुग्णाच्या पायात खरे हाड झाले आहे की नुसता ठोकळा बसून आहे, हे आधी कळायला हवे म्हणतात. क्ष-किरणांत दोन्ही पांढरेच दिसते. तुकडा काढून पाहिल्याशिवाय उलगडा होत नाही. ती पहिली रुग्ण मी.

मी म्हटले, मेल्यावर माझा पाय घ्या. भार्गवी रडली. सलिल ओरडला की अस्थी पुऱ्याच्या पुऱ्या हरिहरेश्वराला गेल्या पाहिजेत. जिवंत आईला व्हीलचेअरवर बसवायला निघालेल्या मुलाला तिच्या अस्थींची केवढी काळजी! मग सदाला सांगितले, तर तो माझ्याकडे बघेना. म्हणाला, "तुमी कवा मरताय त्याची वाट बघत बसू काय मी? त्यापरीस लंगडा बरा."

कोणीतरी शहाण्यासारखे बोलले. हृदय थोडे कुरकुरते, ते सोडल्यास मी ठणठणीत आहे. मी मरेपर्यंत त्याचा पाय थांबणार नाही.

कलम ७. म्हणून येत्या सोमवारी मी मांडव्याहून बोटीने मुंबईला जाणार आहे आणि नडगीतला वाटाण्याएवढा तुकडा जिवंतपणीच काढून देणार आहे. जुळलेले हाड त्याने पुन्हा मोडू शकते. माझ्या हृदयाला भूल सोसेल अशी खात्री कोणी देत नाही. हे मृत्युपत्र आजच लिहिण्याचे कारण तेच. टेबलावरच मेले तर सगळी डावी नडगी तिथल्या तिथे काढून घ्यावी आणि सलिलला फोन नंतर करावा. उरलेल्या अस्थी हरिहरेश्वराला पुष्कळ झाल्या.

आता सगळे अडले आहे ते एका सहीवर. रुग्णालयाला माझी सही पुरत नाही, जवळच्या नातेवाइकाची संमती हवी आहे. पाय माझा, मोडला माझा, आणि परवानगी दुसऱ्याची! भार्गवीला सही करता येत नाही, कारण संशोधन तिचेच. सलिलला विचारले तर म्हणाला, "आई, तू आत्ता कुठे चालायला लागलीस," आणि फोन ठेवला. त्याला भीती वाटते हे मला कळते. मलाही वाटते. पण आमच्या दोघांच्या भीतीपायी सदाचा पाय का जावा? सोमवारी नातेवाईक नसेल तर मला परत पाठवतील, आणि पुढची तारीख त्या समितीच्या मर्जीवर.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भार्गवीने करावी. हा मजकूर मी लिहीत असताना अण्णा समोरच्या खुर्चीत बसून एकेक पान वाचत आहेत आणि पानागणिक "हं" म्हणत आहेत. त्यांना मी काहीच ठेवलेले नाही, तेव्हा साक्षीदार व्हायला त्यांना अडचण नसावी. खाली सही मी दोन्ही साक्षीदारांच्या देखत करत आहे.

सही : प्रमोदिनी यशवंत पोंक्षे
ठिकाण : नांदगाव
दिनांक : ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

साक्षीदार :

१. डॉ. हर्षद मयेकर. लिहून ठेवणार यांना तपासले. पूर्ण शुद्धीवर आहेत.

२. अण्णा पोंक्षे. सर्व वाचले. माझ्याविषयीचा बराचसा मजकूर मला मान्य नाही. सोमवारी बोटीला मी बरोबर येतो. नात्याने मोठा दीर आहे. रुग्णालयात सही मी करीन.