उपाशी पेशींचा निकाल

बाबा, साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. नव्या रक्तवाहिन्या घडवणाऱ्या माझ्या पेशी औषधामुळे थांबल्या नव्हत्या. मीच त्यांना बिनसाखरेचं द्रावण घातलं होतं. फ्रिजमधल्या दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. या पेशी ऑक्सिजनपेक्षा साखरेवरच जास्त वाढतात, त्यामुळे बिचाऱ्या उपाशी राहिल्या. साखर मिळताच, औषध असूनही, कोंब फुटले! मी एकटीच हसत बसले.

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम मात्र तो जुना निकाल शुक्रवारी सभेत मांडणार आहेत. मैत्रीण म्हणते, "गप्प बस गं, कोण बघतंय?" पण घरी शिकवताना तुम्ही मला खोडरबर कधी दिलंच नाही, चूक रेघ मारून दिसती ठेवायची.

मी नीट जेवते, झोपही लागते, बहुतेक. आईचा गुडघा कसा आहे?

तुमचं शेंडेफळ

ता. क. मॅडमना प्रयोगाची वही दाखवणार आहे ती बुधवारी सकाळी, चौदा तारखेला.