लाल दोऱ्याचं टोक

४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ एवढंच म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. न्हाणीघरात पाय घसरून पडलात, अर्धा तास तिथंच बसून होतात, आणि ते मला शेजारच्या काकूंकडून कळावं? तेव्हापासून फोन वाजला की हातातलं टाकून धावते. आता हट्ट पुरे. आमच्याकडे राहायला या.

इथं तुमच्यासाठी ठेवलेल्या खोलीला लागून असलेलं न्हाणीघर मी स्वतःच लावतेय, तुम्ही दिलेल्या ड्रिलनं आणि तुमच्या जुन्या पाणसळीनं. धरायला दांडाही बसवला. पण पाणसळीचा बुडबुडा बरोब्बर मधे आणूनही आरसा, फळी, साबणदाणी सगळं एकाच बाजूला कललंय. साबण ठेवला की घसरून जमिनीवर. तुमचे जावई मान वाकडी करून दाढी करतात आणि कापून घेतात. एवढ्या मोठ्या प्लंबरची मुलगी आणि ही तऱ्हा! काय चुकलं ते कळवा. रागवा हवं तर, पण लोभ आटवू नका.

तुमची,
मुंगी

९ फेब्रुवारी

चि. सौ. मुंगीस,
अ. उ. आ.

पडलो नाही, जरा पटकन खाली बसलो. काकूंना राईचा पर्वत करायची सवयच आहे. मी तिकडे येणार नाही. चाळीस वर्षं लोकांची न्हाणीघरं लावली, आता लेकीच्या घरी दांडा धरून बसू?

चूक माझी. ती पाणसळ एकदा परांचीवरून पडली, तेव्हापासून खोटं बोलते. लाल दोरा बांधलेलं टोक उजवीकडे असेल, तर बुडबुडा रेघेच्या एक सूत डावीकडे धरायचा. तुला देताना सांगायचं राहिलं. शंका आली की टोकं उलटी करून पुन्हा बघावं.

पत्र आल्यापासून चैन नाही. तो वाकडा आरसा डोळ्यांपुढून हलत नाही. काल दोनदा उठून माझ्याच न्हाणीघरातली फळी तपासून आलो. दांडाही त्याच पाणसळीनं लावलास का? लगेच कळव. जावयांना म्हणावं, तोवर दाढी वाढवा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

बाबा

१४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
कृ. सा. न. वि. वि.

काल काकू म्हणाल्या, तुम्ही ओल्या फरशीवर भिंत धरधरून चालता. माझा जीव थाऱ्यावर नाही. त्यात तुमच्या जावयांनी गल्लीतल्या एका प्लंबरला बोलावलं. पाणसळ बघून त्यानं विचारलं, हे भंगार कुणाचं? सगळं उखडून नवं लावू म्हणाला. शनिवारी येतोय. काय सांगू त्याला? दांड्याचं तुम्हीच येऊन बघा. मला आता काही सुचत नाही. धाक आणि माया, दोन्ही असू द्या.

तुमची,
मुंगी

१७ फेब्रुवारी

चि. सौ. मुंगीस,
अ. उ. आ.

खबरदार त्याला उंबरा ओलांडू देशील तर! भंगार म्हणे! शुक्रवारी सकाळच्या बसनं हत्यारं घेऊन निघतोय. तोवर एकाही स्क्रूला हात लावू नकोस.

हे लिहून पिशवी भरायला घेतली, आणि मग आठवलं. तो लाल दोरा मी बांधलाच नव्हता. तू बांधलास, नऊ वर्षांची असताना, रिबिनीचा धागा उसवून. कुठलं टोक खोटं ते बाबा विसरतील, अशी तुला धास्ती होती. मग तुझ्या हातून आरसा वाकडा लागेलच कसा? म्हातारा झालोय, खुळा नाही.

रागानं पिशवी रिकामी करायला घेतली, पण हात चालेना. खरं सांगतो, त्या दिवशी अर्धा तास नाही, दोन तास बसून होतो. उठायला धरायला काही नव्हतं. तू इथं नाहीस हे ठाऊक असून तुलाच हाका मारत होतो.

आरसा मी येऊन सरळ करतो. दांडा तू सरळच लावला असशील. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

लोभ वाढव म्हणत नाही, आहे तोच पुरून उरतोय.

बाबा