शिवणीतली पिन

शहादा, बुधवार

प्रिय जगदीश,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचास, तेव्हा चुका पोटात घाल. लेकीकडे, निशाकडे सुरतेला जाऊन तुला दोन महिने झाले. ती सांगते, बाबा ताटावर बसतात आणि ताट तसंच सारतात. तुझ्या आईला मीच मारलं, एवढंच म्हणत राहतात. घरात चांदबी रोज विचारते, भाऊजींशी बोललात का. जे सांगायचं आहे, ते सांगायची हिंमतच होत नव्हती.

इकडे ऊसतोड संपली, रस्ते मोकळे झाले. तुझी गाडी ज्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली, तिला मागे ना दिवा होता ना लाल पट्टी. दहाव्याला सगळे त्या ट्रॉलीवाल्यालाच शिव्या देत होते. कुणी दबक्या आवाजात म्हणालं, जगदीशची गाडी ऐंशीच्या पुढे होती. कुणी म्हणालं, कळसाडीहून मेव्हण्याचा फोन वाजला आणि त्यानं मान खाली घातली. असेलही सगळं खरं. दिवस मावळत होता, ऊन थेट डोळ्यांवर. तू पट्टा लावला होतास म्हणून बरगड्यांवर निभावलं. अनुसया वहिनी मात्र मागच्या सीटवरून पुढे फेकल्या गेल्या. मी त्या घोळक्यात उभा राहून प्रत्येकाच्या बोलण्याला मान डोलावत होतो.

दिवाळीत गाडी घेतलीस आणि घरीही न नेता सीट कव्हरसाठी थेट माझ्या दुकानात आणलीस. कापड वहिनींनी निवडलं, मेंदीच्या रंगाचं. पुढे बसायला त्या तयारच नव्हत्या. मागे मांडी घालून बसता येतं म्हणाल्या. काम करताना माझ्या अंगठ्यात फळीचं कुसळ रुतलं, तर बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून त्यांनीच ते उपसलं. वर, एवढा मोठा कारागीर आणि हात असे, म्हणून हसल्या. तू सीटवरून हात फिरवलास आणि म्हणालास, नासिर, पलंग केलास रे. मी किती फुगलो होतो.

दवाखान्यात तू मला एकच गोष्ट दहा वेळा सांगितलीस. गाडी गावाबाहेर पडल्यावर वहिनींनी मागून विचारलं होतं, "हाऊ पट्टा कोठे लावाना शे?" आणि तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे, मांगे कोन देखस." ते शब्द तुला खात आहेत, हे मला ठाऊक आहे. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी भ्यालो होतो, जगदीश.

आता ऐक. मागचा पट्टा ज्यात अडकवतात ती बकलं मी कव्हरखाली दाबून वरून शिवून टाकली होती. आम्ही सगळेच तसं करतो. बसताना टोचत नाहीत, सीट सपाट दिसते, गिऱ्हाईक खूश होतं. पोलीस ठाण्याच्या आवारातून वहिनींची पिशवी आणायला तू मला पाठवलंस, तेव्हा मी मागची सीट पाहिली. माझी शिवण चार बोटं उसवलेली होती आणि पुढच्या टाक्यात त्यांची पिन उघडी अडकलेली होती. धडकेत शिवण फाटते, टाका टाका सुटत नाही. त्या पिनेनं टाके काढून बकल शोधत होत्या. तुझं त्यांनी ऐकलंच नव्हतं, कधी ऐकायच्या? बकल तिथून अजून वीतभर आत होतं. तू पट्टा लाव म्हणाला असतास, तरी तो लागला नसता. पिशवी तुला दिली, पिन मात्र मी खिशात ठेवली. आज ती या पाकिटात आहे. दोष द्यायचा तर शिवणाऱ्याला दे, आणि दोन घास खा.

तुझा म्हणवून घेऊ की नको, ते तूच ठरव.

नासिर