चौकात रिकामी दिसणारी गाडी

ता. ६ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, तेवढा माफ कर. लिहायला बसलो की वाटतं, धाकटीला बरं नसेल. मग वाटतं, बरं नसतं तर तिने कळवलं असतं. मग वाटतं, बरं नाही म्हणूनच कळवलं नसेल. या घोळात कागद तसाच राहतो. फोन करावा तर मला ऐकू येत नाही, आणि तू ओरडून बोललीस की खालचा शिंपी मधेच उत्तर देतो.

पाय सुजतात असं तू मागे ओझरतं लिहिलं होतंस. त्याचं पुढे काय झालं? तू चार ओळींत पत्र आटपतेस आणि त्यातही माझ्याच तब्येतीची चौकशी करतेस. हे मला आवडत नाही.

इकडची बातमी अशी की तुझा भाऊ मोठा माणूस झाला आहे. हसू नकोस. सरकारी पैशाची उधळपट्टी शोधायला इथल्या लोकांनी एक समिती काढली आहे. निवृत्त हेडमास्तर तिचे अध्यक्ष. माणूस स्वच्छ, पण सभेत शिरतो तोही वर्गात शिरल्यासारखा. कचेरीची पुढची भिंत दर वर्षी रंगवायचे आणि मागच्या भिंतीतून पाणी झिरपत राहायचं, ते या लोकांनी बंद पाडलं. आधी मागची भिंत दुरुस्त करायला लावली. चांगलं काम झालं, सगळे म्हणतात.

मी चौथीतून बाहेर पडलेला, चौकात कुलपं दुरुस्त करत नि किल्ल्या घासत बसणारा. मला कोण विचारतं? पण हेडमास्तर स्वतः टपरीवर आले आणि म्हणाले, तुम्ही दिवसभर रस्त्यावर असता, तुम्हीच आमचे डोळे. मग मी त्यांना गाडी दाखवली.

एक लहान सरकारी गाडी सकाळी माझ्यासमोर येऊन वळते आणि झाडाखाली उभी राहते. आत चिटपाखरू नसतं. ड्रायव्हर सीटवर पाय पसरून घोरतो. मी त्याचं नाव घोऱ्या ठेवलं आहे. दुपारी उठतो, तोंड धुतो आणि तशीच रिकामी गाडी घेऊन जातो. हवा खायला गाडी निघते, आणि पैसा कोणाचा, तर तुझा-माझा! सभेत हे सांगितलं तेव्हा आधी सगळे हसले आणि मग टाळ्या वाजल्या. धाकटे, जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. समितीच्या लोकांनी चौकात उभं राहून खात्री केली आणि वर लिहून पाठवलं. पुढच्या महिन्यापासून गाडी बंद होणार, असं ऐकतो.

घोऱ्याच्या पोटावर तर पाय आला नाही ना, अशी रुखरुख लागली होती. हेडमास्तर म्हणाले, सरकारी माणसाची नोकरी जात नसते, तुम्ही निर्धास्त राहा. तेव्हा बरं वाटलं.

तुझ्या पायांचं खरं खरं लिही. काळजी करतो म्हणून रागावू नकोस. माया आहे ती असू दे.

तुझा,
दादा


ता. १४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसले. सातच्या पाढ्यावर अडकून मार खाणारा माझा भाऊ सभेत टाळ्या घेतो! सूनबाईलाही वाचून दाखवलं. मग गाडीचं आलं आणि मी कागद मिटवला. दोन दिवस ते पत्र पुन्हा उघडलं नाही.

आता लपवण्यात अर्थ नाही. माझी मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. वर्ष होत आलं, आठवड्यातून दोनदा मी तुझ्याच शहरातल्या मोठ्या दवाखान्यात येते. खुर्चीत बसवतात, हातात सुया लावतात आणि यंत्र रक्त धुऊन परत अंगात सोडतं. नाही धुतलं तर विष साठतं आणि माणूस जातो, हे डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. तुला कळवलं नाही, कारण माझ्या आधी तूच अंथरूण धरलं असतंस. तुझ्या इतक्या जवळ येऊन न भेटता परत जात होते, त्याबद्दल भेटशील तेव्हा दोन धपाटे घाल.

दादा, मी त्याच गाडीने येते. आमच्या वाटेला दुसरी गाडी नाही. ती रिकामी नसते. आम्ही सगळे दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी उतरतो. तिथली गल्ली अरुंद, गाडी वळत नाही, म्हणून ती पुढे तुझ्या चौकात जाऊन वळते आणि आमचं होईपर्यंत थांबते. नंतर परत येऊन आम्हाला घेते. तुझा घोऱ्या पहाटेपासून वस्त्यांवस्त्यांतून आम्हाला गोळा करत येतो. ज्याला चढवत नाही त्याला काखेत हात घालून चढवतो. मग झोपणार नाही तर काय करणार? तुला गाडी रिकामीच दिसणार, रे. तुझ्यापर्यंत येण्याआधी आम्ही उतरलेले असतो.

काल गाडीत कागद चिकटवला की प्रवासी नसल्यामुळे फेरी बंद. वीटभट्टीवरची म्हातारी माझ्या शेजारी बसते. तिला वाचून दाखवला, तर म्हणाली, मग आपण कोण, भुतं? सगळे हसलो. हे करणारा माझा भाऊ आहे, हे मी कोणाला सांगितलं नाही.

तू मुद्दाम केलं नाहीस, एवढं मला कळतं. पण समितीत तुझा शब्द चालतो म्हणतोस, तर आता तो चालव. दिवस थोडे आहेत.

जेवत जा. लोभ आहे, थोडा राग आहे, दोन्ही तुझेच.

तुझी,
धाकटी


ता. २० जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही. तू म्हणशील, हेच होईल म्हणून सांगत नव्हते. बरोबर आहे तुझं. पण वर्षभर तू माझ्या टपरीपासून हाकेच्या अंतरावर सुया टोचून घेत होतीस आणि मी तुझी गाडी बघून हसत होतो, हे मी कुठे ठेवू?

त्याच दिवशी हेडमास्तरांकडे गेलो. सगळं सांगितलं, नीट सांगता आलं नाही, रडू आलं. त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाले, निर्णय वर झाला आहे, शिवाय काल तुम्ही रिकामी म्हणालात, आज भरलेली म्हणता, उद्या काय म्हणाल? मी म्हटलं, एकदा दवाखान्याच्या फाटकाशी येऊन पाहा. तर म्हणाले, जिथे पाहणी झाली तिथेच फेरपाहणी होते, नाहीतर जो तो आपल्या सोयीची जागा दाखवील. मी फार विनवण्या केल्या. शेवटी येत्या गुरुवारी समिती पुन्हा चौकात येईल असं त्यांनी कबूल केलं. डेपोचा साहेबही येणार आहे.

तेव्हा एक सुचलं, ते लिहितो. गुरुवारी तुम्ही कोणी फाटकाशी उतरू नका. तसेच बसून चौकापर्यंत या. त्यांना एकदा तुमची तोंडं दिसू देत. मग परत दवाखान्यात जा. अडचण अशी की साहेबासमोर गाडी वेळापत्रकाबाहेर हलवता येत नाही, त्यामुळे परत चालत जावं लागेल. अंतर फार नाही, पण चढ आहे. तुझ्याने होईल का? नाही होणार तर येऊ नकोस, बाकीचे येऊ देत. नाही, तूही ये. मला ठरवता येत नाही. तूच ठरव.

घोऱ्याकडे जाऊन हात जोडले. तो म्हणाला, काका, एवढी वर्षं समोर बसता, एकदा विचारलं असतंत तर चहा पाजून सांगितलं असतं.

तुझा,
दादा


ता. २७ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुरुवारी तू तिथेच होतास, तरी लिहिते, कारण तुझ्या कानावर काही पडलं नसणार. तू टपरीशी उभा राहून आमच्याकडे बघून हसत होतास. गाडी भरलेली बघून तुला वाटलं, जिंकलो.

हेडमास्तर भाजी निवडावी तसे खिडकीखिडकीतून बघत आले. माझ्यापाशी थांबून विचारलं, बाई, रोज चौकापर्यंत येता का? मी खोटं बोलायला हवं होतं, दादा. पण मी सरळ सांगून टाकलं की एरवी फाटकाशी उतरतो, आज तुम्हाला दिसावं म्हणून आलो. ते म्हणाले, म्हणजे तुम्हाला कोणी बोलावलं. तेवढ्यात तू हात हलवून धाकटे अशी हाक मारलीस. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, कोण हे तुमचे? मी म्हटलं, सख्खा भाऊ. मग ते डेपोच्या साहेबाकडे वळून म्हणाले, यांनी आपली माणसं आणून बसवली आहेत. चढ्या आवाजातही नाही, दुःखी होऊन म्हणाले. तुझ्याबद्दल त्यांना खरंच वाईट वाटलं असावं.

परत जाताना चढावर वीटभट्टीवरची म्हातारी तीनदा खाली बसली. आम्ही पोहोचलो तोवर पुढच्या पाळीची माणसं खुर्च्यांत बसली होती. आम्हाला उरलेल्या वेळात थोडं थोडं धुऊन घरी पाठवलं. त्यानंतर माझा श्वास नीट लागत नाही. आडवं झालं की गुदमरतं, म्हणून भिंतीला टेकून बसते.

आता भाड्याच्या गाडीचं बघतो आहोत. एवढ्या लांबचं भाडं आठवड्यातून दोनदा देणं सूनबाईच्या पगारात बसत नाही. मुलाला कळवलं आहे, पण परक्या मुलखातून पैसे यायला वेळ लागतो. एकदा तरी जमेल. एकदा पुरत नाही, हेही तुला सांगून ठेवते, कारण मागे लपवलं ते तुला फार लागलं.

तू स्वतःला खाऊ नकोस. तुझ्या हाकेत मला आनंदच दिसला. इतक्या वर्षांनी भर रस्त्यात कोणी मला धाकटे म्हणालं.

तुझी,
धाकटी


ता. १९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या त्या पत्रानंतर मी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. काल सूनबाईची चिठ्ठी आली. लिहिते की तुझ्या डोळ्यांच्या पापण्या सुजून मिटल्या आहेत, बोलणं कमी झालं आहे, भाड्याचा गाडीवाला ठरला होता तो आयत्या वेळी आला नाही. दोन पाळ्या चुकल्या. वाचून टपरीवरच बसून राहिलो, गिऱ्हाइकाची किल्ली चुकीची घासली.

मी समिती सोडली. त्याआधी सभेत उठून म्हटलं की चूक माझी, मी अर्धंच पाहिलं होतं, गाडी चालू करा. कोणी हसलं नाही, कोणी ऐकलंही नाही. डेपोतही जाऊन आलो. गाडी तिथेच उभी आहे, काचांवर धूळ चढली आहे. घोऱ्या शेजारी स्टुलावर बसलेला. पगार चालू आहे, काम नाही. म्हणाला, काका, आता बसून खातो. मला पकडायला पाठवा की तुमच्या समितीला. हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. रोज पहाटे त्याला त्याच वेळेला जाग येते म्हणाला.

शिंप्याने दुकानामागची खोली तुझ्यासाठी देऊ केली आहे. तळमजला आहे, जिना चढायला नको, दवाखाना चालत गाठता येतो, आणि चाकाची खुर्चीही मिळेल. मी खोली झाडून घेतली. टपरी विकायला काढली आहे, तिच्या पैशात भाड्याची गाडी पाठवतो. तू फक्त हो म्हण. सूनबाईने दोन शब्द लिहिले तरी चालतील.

आणि घाई का करतो, तेही सांगतो. दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, लागोपाठ तीन पाळ्या चुकल्या की जागा दुसऱ्याला देतात, नियम आहे, बाहेर पुष्कळ लोक थांबले आहेत. आज तुझी तिसरी पाळी. म्हणून सकाळीच येऊन तुझ्या खुर्चीत बसलो. सिस्टरने ऊठ म्हटलं, मला ऐकू येत नाही असं दाखवलं. खुर्ची रिकामी दिसली तर गेलीच समज. दुपारपर्यंत बसू देईन म्हणाल्या, तोवर तुझा होकार आला तर जागा राहील, पुढे त्यांचाही इलाज नाही. हे पत्र इथेच गुडघ्यावर धरून लिहितो आहे. घोऱ्या फाटकाशी उभा आहे. तो कोणाची तरी दुचाकी मागून आणून हे तुझ्या हातात देणार आहे आणि उत्तर घेऊन उलट पावली येणार आहे.

दारात एक बाई उभी आहे. तरुण आहे, पाय सुजलेले, हातात कापडी पिशवी. सिस्टरने तिला बहुधा सांगितलं आहे की ही जागा मोकळी होईल. ती काही बोलत नाही, नुसती उभी आहे. मी तिच्याकडे बघायचं टाळतो. तू येणार असशील तर मी उठणार नाही, मग कोणी काही म्हणो. पण येणार नसशील, तर मला तिला ताटकळत ठेववत नाही.

येतेस की नाही, एवढंच लवकर कळव.

तुझा,
दादा